जिमखान्याची फाईल

आमच्या कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले आणि त्यांची जागा तशीच रिकामी राहिली. पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी समित्यांची यादी वाचली, त्यात जिमखान्यापुढं माझं नाव. मी कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, शिकवते. शाळेत लंगडी-लगोरीच्या पलीकडं काही खेळलेली नाही. पण मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई लागते, माझी लेक आता पुण्याला शिकायला आहे, म्हणजे बाई चार दिवस घराबाहेर राहू शकते, हा हिशेब सरांनी माझ्याआधीच घालून ठेवला होता. नकार द्यायला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी टेबलावर एक जाडजूड बॉक्स फाईल, किल्ल्यांचा जुडगा आणि हवा गेलेला व्हॉलीबॉल आणून ठेवला. “हे एवढंच हाय मॅडम,” म्हणाले. ते एवढंच नव्हतं हे कळायला पुढचं अख्खं शैक्षणिक वर्ष लागलं. अशी फाईल ज्यांच्याकडं आयती येऊन पडते अशा माझ्यासारख्या पुष्कळ जणी असणार. त्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे, आणि थोडं मनातलं बाहेर पडावं म्हणूनही.

आधी हे चालतं कसं ते सांगते. पावसाळ्यात संलग्न कॉलेजांच्या क्रीडा संचालकांची बैठक होते. कोणती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कोणत्या कॉलेजनं घ्यायची ते तिथं ठरतं आणि तारखांचं पत्रक निघतं. कबड्डी एका गावाला, खो-खो दुसऱ्या, बुद्धिबळ तिसऱ्या. प्रत्येक स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडायचा, त्याचं सराव शिबिर घ्यायचं आणि तो संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवायचा. ती स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाची, म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संस्थेची, मैदानावर सगळे तिला नुसतं ‘एआययू’ म्हणतात. कबड्डी-खो-खोसारख्या सांघिक खेळात आधी पश्चिम विभाग खेळायचा, तिथं नंबर लागला तर अखिल भारतीय. अॅथलेटिक्सला मधला टप्पा नाही. आपल्या जिल्ह्यातून निवडलं की थेट देशभरच्या विद्यापीठांसमोर.

आपल्या जिल्ह्यातून म्हणायचं कारण आहे. आपलं विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला झालं, तेही एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव त्याला 2019 मध्ये मिळालं. त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. नेहरूनगरच्या मैदानावर रोज पहाटे पोरांना पळवणारे एक निवृत्त सर आहेत, त्यांच्याही आयुष्याची बरीच वर्षं एका कॉलेजच्या जिमखान्यात गेलेली. त्यांना विचारलं, फरक काय पडला? म्हणाले, “तवा कोल्हापूर, सांगली, सातारा आन् आपण. सातारची पोरं पळायला लागली की आपली पोरं त्यांच्या पाठी बघत पळायची. आता अकरा तालुक्यात पहिला आलास की विद्यापीठाचा बनियन अंगावर. सोपं झालं की! पण त्या पाठी बघूनच पोरं शिकायची, ते गेलं.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. निवड सोपी झाल्यामुळं कितीतरी गावातल्या पोरी पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर पडल्या. आणि आपण नेमके किती पाण्यात आहोत हे त्यांना एकदम अखिल भारतीयलाच कळतं, हेही आहेच.

हे सर मला भेटले ते माझं नशीब. ते कुणाला नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. “ए वळसंग, हात खाली!” “कामती, टाच टेकव की.” आमच्या कॉलेजची एक मुलगी त्यांच्याकडं पळत होती, तिला ते माचणूर म्हणायचे. मीही तसंच म्हणते. बी.ए. दुसऱ्या वर्षाला होती, मुलींच्या वसतिगृहात राहायची. माझी नोटीस वाचून स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, मला 1500 मीटर आन् ते अडथळ्याचं पळायचंय. नाव घालताव का?”

अडथळ्याचं म्हणजे 3000 मीटर स्टीपलचेस, अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. सरांनी गणित सांगितलं. 1500 ला प्रत्येक कॉलेजची पोरगी उतरते, स्टीपलचेसला हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. निवड व्हायची शक्यता तिथं जास्त. शिवाय ही शर्यत आपल्याकडच्या माळरानाची आहे असं त्यांचं ठाम मत. ललिता बाबर आपल्या माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातली. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. 1984 ला पी. टी. उषा, आणि त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ही पहिलीच भारतीय बाई. अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 ला हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. “दुष्काळी भागाला पाण्यावरनं उडी मारायची लई हौस,” असं सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

पळण्याआधी कागद. एआययूचा पात्रता फॉर्म बघितल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण तिथून पुढं सगळं माझ्या हातातलं काम होतं. वय 17 ते 25 च्या आत. विद्यार्थी पूर्णवेळ, नियमित प्रवेश घेतलेला. बारावी कधी पास, पदवीला पहिला प्रवेश कधी, मध्ये खंड आहे का, आधी कुठल्या साली कुठल्या खेळात विद्यापीठाकडून उतरलाय. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, बोनाफाइड, आधार, फोटोवर अर्धा शिक्का येईल असा प्राचार्यांचा सही-शिक्का. नाव दहावीच्या सनदेवर जसं आहे तसंच्या तसं, अक्षर इकडचं तिकडं नाही.

आणि इथंच निम्मी पोरं अडतात. पळण्यात नाही अडत. माचणूरच्या दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगनं, बारावीवर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्याच. बारावीनंतर आई आजारी म्हणून ती वर्षभर घरी होती, डाळिंबाच्या बागेत कामाला जात होती. त्या खंडाचं प्रतिज्ञापत्र लागलं. तिच्या वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, “पळायला एवढं कागद कशाला ओ मॅडम, पोरगी तर समोरच हाय की.” त्यांचं काय चुकलं? पण देशभरातनं मुलं येतात तिथं वय चोरणारे आणि भलत्याच कॉलेजच्या नावावर उतरणारेही येतात, कागद त्यांच्यासाठी असतो. माझं म्हणणं एवढंच, की हे काम स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात करायचं नाही. प्रवेश झाला, वर्ग सुरू झाले, की खेळणाऱ्या पोरांच्या सनदा मागून घ्यायच्या आणि नावं ताडून बघायची. आधार दुरुस्तीला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

सराव पहाटे. सोलापूरचं ऊन माहीत असलेल्याला वेगळं कारण सांगायला नको. मी काही रोज जात नव्हते, पण ज्या दिवशी गेले तेव्हाचं एक सांगण्यासारखं आहे. स्टीपलचेसचा अडथळा शर्यतीतल्या हर्डलसारखा नसतो. हर्डल पाय लागला की पडतं. हा एक जाड चौकोनी ओंडका असतो, बायकांसाठी अडीच फूट उंचीवर, आणि जागचा हलत नाही. “हे पडत नाही. तू पडशील,” सरांचं हे पहिलं वाक्य. तसा एक अडथळा त्यांनी होटगी रोडच्या वेल्डिंगवाल्याकडनं लोखंडी पायांवर सागवानी वासा बसवून करून घेतला होता. पूर्ण शर्यतीत असे 28 अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी. पाण्याचा खड्डा 3.66 मीटर लांब, अडथळ्याजवळ खोल आणि पुढं उथळ होत गेलेला. पाण्याचा खड्डा सरावाला कुठून आणणार? सरांनी तो वासा लांब उडीच्या वाळूच्या कडेला आणून लावला आणि वाळूत बरोबर बारा फुटांवर दोरी टाकली. धावत यायचं, एक पाय वाशावर ठेवायचा, अंग पुढं झोकून द्यायचं आणि दोरीच्या जवळ एकाच पायावर उतरून, न थांबता वाळूतनं बाहेर.

माचणूर पहिल्यांदा वाशावर चढून चक्क उभीच राहिली. खाली बघत. सर ओरडले, “हिरीत डोकवालीस का? पुढं बघ!” मग तिनं सुरुवातीला दोन्ही पाय एकदम टाकले, वाळूत बसली, उठली, परत मागं गेली. थोड्या दिवसांनी पाहिलं तर वाशाच्या कडेला तिच्या बुटाच्या खिळ्यांनी लाकडाला भोकं पडलेली होती, सगळी एकाच वितीच्या जागेत. सरांनी मला ती बोटानं दाखवली. पाऊल रोज त्याच जागी पडतंय, म्हणजे डोळ्यांचा अंदाज बसला, असं त्यांनी सांगितलं. इतका साधा पुरावा मी कुठल्या ऑडिटमध्ये बघितला नव्हता.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एका तालुक्याच्या गावी होती. मी आदल्या संध्याकाळीच गेले, पोरींच्या मुक्कामाची सोय बघायला, आणि मैदानात टेप धरायला लागले. मुरमाच्या मैदानावर 400 मीटरचा ट्रॅक आखणं हे बघण्यासारखं काम आहे. मध्ये खुंटी, खुंटीला साडेछत्तीस मीटरची दोरी, ती ताणून अर्धगोल, त्यावर फक्कीची रेघ. लेन 1.22 मीटर रुंद. मग 400 च्या शर्यतीसाठी बाहेरच्या लेनना किती पुढं उभं करायचं त्याची मापं: दुसऱ्या लेनला 7.04 मीटर, आणि तिथून पुढं प्रत्येक लेनला आणखी 7.67. मी विचारलं, पहिला फरक कमी का? यजमान कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी मान वर केली. त्यांना बहुतेक हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. पहिल्या लेनचं अंतर आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटरवर मोजतात, बाकीच्या लेनचं त्यांच्या आतल्या रेघेपासून 20 सेंटिमीटरवर, म्हणून. मी मोबाईलवर हिशेब करून बघितला, बरोब्बर आला. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की या कामात आपण अगदीच उपरे नाही.

स्पर्धा म्हणजे गडबड. भोंग्यावर चेस्ट नंबर पुकारतायत, गोळाफेक एका कोपऱ्यात, भालाफेक दुसऱ्या, मधनं कुणाचं तरी पोर पळत जातंय. मुलींच्या स्टीपलचेसला मोजक्याच जणी उतरल्या, तिथं पाण्याचा खड्डा नव्हता, सगळे अडथळे कोरडेच घेतले. माचणूर दुसरी आली. पहिली आलेली माळशिरसकडची पोरगी तिच्यापेक्षा खूपच पुढं होती. दोघींची निवड झाली. 1500 ला आमची पोरगी कुठंच नव्हती, म्हणजे सरांचं गणित जमलं होतं.

पण त्या दिवसातलं माझ्या डोक्यात राहिलंय ते वेगळंच.

दुपारी नोंदणीच्या टेबलापाशी एक मुलगा उभा होता. उंच, काळासावळा, पाठीला सॅक, सॅकच्या बंदाला स्पाइकचे बूट बांधलेले. त्याला नंबर मिळत नव्हता, कारण त्याच्या कॉलेजची प्रवेशिकाच आलेली नव्हती. त्यानं कॉलेजमध्ये नाव दिलं होतं, कुणाकडं तरी. ज्यांच्याकडं दिलं त्यांना वाटलं ऑफिस पाठवेल. ऑफिसला वाटलं जिमखाना पाठवेल. त्याही कॉलेजची संचालकाची जागा रिकामी. तो आपल्या पैशानं पहाटेची एसटी धरून आला होता. टेबलावरचे लोक काही निर्दय नव्हते. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, त्याच्या कॉलेजला फोन लावले. पण मुदत संपून गेलेली, प्राचार्यांची सही नाही, पात्रता फॉर्म नाही, त्याला उतरवला तर बाकीच्या कॉलेजांनी हरकत घेतली असती आणि त्यांची हरकत रास्तच ठरली असती. तो माझ्याकडं वळला, कदाचित बाई बघून. “मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला हाय. पुढच्या वर्षी मला येता येतंय का?” मी म्हणाले, एम.ए.ला प्रवेश घेतलास तर येता येईल. तो म्हणाला, “पुढच्या वर्षी कामाला लागायचंय.”

पुरुषांची 5000 ची शर्यत त्यानं मैदानाच्या कडेला बसून बघितली. प्रत्येक फेरीला तो मनगटावरचं घड्याळ बघत होता. शर्यत संपल्यावर सरांना येऊन म्हणाला, “मी तिसरा तरी आलो असतो.” सरांनी त्याला दुसऱ्या दिवसापासनं नेहरूनगरला यायला सांगितलं. तो आला नाही.

विद्यापीठाच्या क्रीडा कार्यक्रमाबद्दल बोलताना लोक मैदान, सिंथेटिक ट्रॅक, पदकं, निधी यांवर बोलतात. त्याची गरज आहेच. पण माझं या वर्षानंतरचं स्पष्ट मत असं, की पोरगं ट्रॅकपर्यंत पोचतं की नाही ते कॉलेजमधल्या एका माणसावर ठरतं. ते पद म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक. एका कॉलेजला एकच असतं, आणि ते रिकामं पडलं तर वर्ग बुडत नाहीत, निकाल घसरत नाही, कुणी पालक भांडायला येत नाही. विषयाला तासिका तत्त्वावर माणूस मिळतो. पहाटे साडेपाचला मैदानावर उभं राहायचे तास कसे धरायचे? मग जिमखाना माझ्यासारखीच्या गळ्यात पडतो. मी मन लावून केलं, तरी मी पोरांना पळायला शिकवू शकत नाही. ते सर स्वखुशीनं, फुकट करतात. उद्या त्यांचे गुडघे थकले की काय?

असो. शिबिर झालं, विद्यापीठाचे ट्रॅकसूट मिळाले. पोरींनी ते मिळाल्या मिळाल्या अंगावर चढवले आणि भर दुपारच्या उन्हात फोटो काढले. मधल्या काळात सत्र परीक्षा होती, तिथंही दर वर्षी तोच घोळ: अंतर्गत चाचणी आणि सराव एकाच वेळी. मी प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांकडं जाऊन पोरांच्या चाचण्या पुढं घ्यायला लावल्या. दोघांनी तोंड वाकडं केलं, बाकीच्यांनी मुकाट्यानं ऐकलं. कॉस्टिंगची चाचणी कुणी पुढं ढकलायला सांगितली असती तर मीही तोंड वाकडं केलं असतं, हे सांगून टाकते.

अखिल भारतीय स्पर्धा कर्नाटकात मूडबिद्रीला होती, मंगळूरजवळ. महिला व्यवस्थापक म्हणून मी सोबत. गदगची लाइन धरून विजयपूर, बागलकोट करत हुबळी, तिथून घाट उतरून बस. शिदोरीला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही-मिरच्या. कडक भाकरी चार दिवस टिकते, आणि तिकडं गेल्यावर तिचं मोल कळलं. जेवणात लाल जाड उकड्या तांदळाचा भात आणि सांबार. स्वयंपाक चांगला होता, पण ज्वारीवर वाढलेल्या पोटाला तो एकदम झेपेना. आमच्या पोरी भातात शेंगाची चटणी कालवून खायला लागल्यावर शेजारच्या टेबलावरच्या पंजाबच्या मुली चटणी मागायला आल्या. दोन दिवसांत डबा संपला.

तिथं पोचल्यावरही आधी कागदच. पात्रता तपासणी, मॅनेजर मीटिंग, चेस्ट नंबर. आमचे सगळे फॉर्म एका फेरीत पास झाले तेव्हा मला कुठलं पदक मिळाल्यासारखा आनंद झाला. शेजारच्या रांगेतल्या एका मॅनेजरच्या हातात फोटोच नसलेला फॉर्म होता, तो बिचारा फोटो स्टुडिओ शोधत पळाला.

मग स्पाइकचा प्रश्न निघाला. सिंथेटिक ट्रॅकवर पळण्याच्या शर्यतींना बुटाचा खिळा नऊ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. आमच्या पोरी मुरमावर पळणाऱ्या, त्यांचे खिळे लांब. शर्यतीआधी खेळाडूंना जमवतात त्या कॉल रूममध्ये बूट उलटे करून तपासतात. आखूड खिळे बाहेर स्टॉलवर मिळाले, पण जुने खिळे मुरमाच्या मातीनं जाम झालेले, निघता निघेनात. खोलीच्या पायरीवर बसून मी, माचणूर आणि माळशिरसची पोरगी, तिघींनी मिळून किल्लीनं एकेक खिळा पिळून काढला. खोबरेल तेल घातलं, तव्हा कुठं सुटले. माचणूरच्या बुटातला एक खिळा शेवटपर्यंत निघाला नाही. तो मी दगडावर घासून घासून आखूड केला. कॉल रूममधल्या बाईंनी त्याच्यावर बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं आणि सोडून दिलं.

स्वराज मैदानाचा ट्रॅक पोरींनी पहिल्यांदा पायाखाली घेतला तेव्हा त्या वाकून हात लावून बघत होत्या. पाण्याचा खड्डा बघायला तर सराव सोडून गेल्या. माचणूर काठावर बसली, पाण्यात हात घातला आणि म्हणाली, “मॅडम, पाण्यात पाय गेला तर चालतंय का ओ?” मी म्हणाले, जातोच सगळ्यांचा. “मग सर वाळूत दोरीच्या जवळ का पाडाय लावत होते?” म्हटलं, जितकं कमी भिजशील तितकं पुढं हलकं जाईल. हे मला मैदानावर उभं राहून राहून समजलेलं होतं, त्याचा मला थोडा अभिमान वाटला.

शर्यतीत पहिल्याच पाण्याच्या उडीला ती दोन्ही पायांनी खड्ड्याच्या मध्यात पडली. गुडघ्यापर्यंत पाणी, बाहेर यायला वेळ गेला, घोळका पुढं निघून गेला. किनारपट्टीची ती दमट हवा, अंगातनं नुसतं पाणी गळत होतं. मी स्टँडच्या कठड्याला धरून उभी. दुसऱ्या फेरीला तिनं वासा पावलाखाली बरोबर धरला, उतरताना एकच पाय, तोही उथळ पाण्यात. त्यानंतर तिनं एकही उडी चुकवली नाही. पण आपल्याकडं वाळू होती, आणि वाळूतून बाहेर पडताना मागं ओल्या बुटाचं ओझं नसतं. शेवटच्या दोन फेऱ्यांत तिच्या पायात शिसं भरल्यासारखं झालं. पंजाब, हरयाणा, केरळच्या मुली केव्हाच संपवून बसल्या होत्या. आमची मागच्या निम्म्यात आली. वेळ मात्र तिच्या जिल्ह्यातल्या वेळेपेक्षा बऱ्यापैकी कमी लागली होती, आणि इथं तर खड्डाही होता.

ती रडेल म्हणून मी टॉवेल घेऊन खाली गेले. रडली नाही. धापा टाकत म्हणाली, “त्या पुढच्या पोरी वाशावर पायच ठेवत नव्हत्या मॅडम. कोरड्या अडथळ्यावर पायच नाही! वरनंच जायच्या. सरांना सांगायला पाहिजे.” सरांनी सांगितलेल्या त्या ‘पाठी’ तिला एकदाच्या दिसल्या होत्या.

परत आल्यावरची कामं कंटाळवाणी आहेत, पण सोडायची नाहीत. प्रवासखर्चाची बिलं तिकिटांसकट लावायची. सहभागाची प्रमाणपत्रं आली की त्यावरचं नाव लगेच सनदेशी ताडून बघायचं, चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला पाठवायचं. क्रीडागुणांचा अर्ज परीक्षा विभागाकडं मुदतीत द्यायचा. पोरांना एक समजावून सांगावं लागतं: सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण नुसतं प्रमाणपत्र असून भागत नाही. कोणत्या स्पर्धेत कितवा क्रमांक आहे त्यावर पात्रता ठरते आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. माचणूरच्या गावात कुणीतरी तिच्या वडिलांना ‘पोरगी आता फौजदार होणार’ असं सांगून ठेवलं होतं. ते मला भेटायला पेढे घेऊन आले. सहभाग आणि पदक यातला फरक मी त्यांना नीट सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, पेढे तरीही ठेवून गेले.

यंदा संचालकांच्या बैठकीला मीच गेले. जागा अजून भरलेली नाही. खोलीत माझ्यासारखे चार्जवाले आता बरेच दिसतात, कुणी इतिहासाचा, कुणी ग्रंथपाल. यजमानपदं वाटताना मी क्रॉसकंट्री मागून घेतली, तिला मैदान लागत नाही. सरांनी रस्ता आखून दिला आहे. आणखी एक काम मी आपण होऊन घेतलं. ज्या कॉलेजांना संचालक नाही त्यांची यादी केली आणि प्रवेशिकेची मुदत संपायच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला फोन करायचा असं ठरवलं. पहिला फोन त्या मुलाच्या कॉलेजला लावला. ऑफिसमधल्या बाबूंनी उचलला. “क्रॉसकंट्रीची प्रवेशिका?” ते म्हणाले. “थांबा मॅडम, जिमखाना यंदा कुणाकडं हाय तेच बघावं लागंल.”

म्हटलं, बघा, मी फोन धरून थांबते.